सात पलीकडे गेला आणि उणे झाला, तो का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. परवा ती २क्ष + ७ = १९ हे गणित सोडवत होती. ‘सात पलीकडे नेला की उणे होतो’ असं म्हणत तिनं पटकन ६ उत्तर काढलं. उत्तर बरोबर आहे, ते मीही ताडून पाहिलं. पण पलीकडे गेल्यावर उणे का होतो, असं विचारलं तर म्हणे, ‘नियम आहे.’ मलाही शाळेत एवढंच सांगितलं होतं. नियम पाठ झाला, कारण आजवर कळलं नाही. दुसरी गोष्ट, मोंढ्यातून हळदीची पट्टी हातात आली की भावाचा हिशोब मी तोंडी करतो. त्यात कुठे क्ष येत नाही. मग पोरांच्या मागे हा क्ष कशाला लावलाय?
– एक शेतकरी पालक, वसमत तालुका, जि. हिंगोली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत द्यायचं तर, सात पलीकडे जातच नाही. तो जागच्या जागी संपतो.

बरोबरच्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की डावीकडे जे लिहिलंय त्याची किंमत आणि उजवीकडे जे लिहिलंय त्याची किंमत एकच आहे. शाळेत तराजूचं चित्र काढून समीकरण शिकवतात ते याचसाठी. दोन्ही पारडी समान आहेत. एका पारड्यातून सात काढले तर दुसऱ्यातूनही सात काढावे लागतील, नाहीतर काटा कलेल. तुमच्या मुलीनं जे केलं ते पूर्ण लिहिलं तर असं दिसेल :

२क्ष + ७ = १९
२क्ष + ७ – ७ = १९ – ७
२क्ष = १२
क्ष = ६

दुसरी ओळ पाहा. सात दोन्हीकडून वजा केलाय. डावीकडे ७ – ७ म्हणजे शून्य, ते कुणी लिहीत नाही. उजवीकडे मात्र ‘– ७’ दिसत राहतं. ही ओळ गाळली की वरून पाहणाऱ्याला वाटतं, डावीकडचा अधिक सात उडी मारून उजवीकडे गेला आणि जाता जाता उणे झाला. गणिताच्या तासाला वेळ कमी आणि उदाहरणं जास्त, म्हणून ही ओळ वगळतात. पन्नास गणितं सोडवून झालेल्या मुलानं ती जरूर वगळावी. पहिल्याच दिवशी वगळली तर मुलाच्या हातात फक्त ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे वाक्य उरतं, आणि आपल्या राज्याच्या राजकारणात तर बाजू बदलूनही चिन्ह तेच राहिल्याचं मुलांनी पाहिलंय!

थट्टा बाजूला ठेवू. या वाक्यानं खरा घोटाळा कुठे होतो ते एका गणितात दिसेल. ३क्ष = १२ घ्या. नियम पाठ असलेलं मूल विचार करतं, तीन पलीकडे न्यायचा, चिन्ह बदलायचं. मग ते लिहितं क्ष = १२ – ३ = ९. दुसरं एखादं लिहितं क्ष = १२ ÷ (–३) = –४. दोघंही नियमाला धरूनच वागली, उत्तरं दोन्ही चुकली. कारण तीन इथे मिळवलेला नाही, गुणलेला आहे. ‘दोन्ही बाजूंना काय करू म्हणजे क्ष एकटा राहील?’ असं विचारायची सवय असती तर हातून आपोआप दोन्ही बाजूंना तीननं भाग गेला असता आणि ४ आलं असतं.

दुसरी नेहमीची चूक भागाकाराची. २क्ष + ६ = २० मध्ये दोननं भागायचं ठरवलं तर पुष्कळ मुलं क्ष + ६ = १० लिहितात. त्यांनी २क्ष ला भागलं, वीसला भागलं, मधला सहा तसाच ठेवला. भागायचं तर अख्खी बाजू भागावी लागते : क्ष + ३ = १०, म्हणून क्ष = ७. पहिल्या रीतीनं ४ येतं. मूळ गणितात ४ घालून पाहिलं तर २ × ४ + ६ = १४, वीस नाही. हा पडताळा अर्ध्या मिनिटाचा असतो. परीक्षेत त्याला गुण नसतात म्हणून मुलं तो टाळतात, आणि त्यामुळेच नको तिथे गुण जातात.

तराजूची उपमा मात्र एका टप्प्यापर्यंतच चालते हेही मुलीला सांगून ठेवा. पारड्यात उणे दोन किलो ठेवता येत नाहीत. तिथे कर्जाचा विचार करावा लागतो, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो खरं तर जास्त अडचणीचा आहे. समजा १२ क्विंटल हळद घातली, हमाली-तोलाईचे १,४०० रुपये कापले आणि हातात १,६६,६०० आले. भाव काय लागला? तुम्ही मनात १,४०० परत मिळवता, १,६८,००० होतात, बारानं भागता, १४,००० रुपये क्विंटल. झालं. शाळेच्या वहीत हेच असं लिहितात :

१२क्ष – १,४०० = १,६६,६००
१२क्ष = १,६८,०००
क्ष = १४,०००

तुम्ही मनात नेमकं काय केलंत ते पाहा. आडतीवर आधी भावाला बारानं गुणलं आणि मग कपात केली. तुम्ही उलट्या क्रमानं निघालात : जे शेवटी झालं होतं ते आधी फिरवलं, जे आधी झालं होतं ते नंतर. कपातीवर बेरीज, गुणाकारावर भागाकार. क्ष लिहिला नाही एवढंच, बाकी समीकरण सोडवण्याची सगळी रीत त्यात आली. क्विंटलच्या हिशोबात मुरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आणि २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या वसमत हळदीच्या पट्ट्यात असे हिशोबात मुरलेले लोक गावोगाव आहेत.

मग क्ष कशाला? ज्ञात आकड्यांवरून सरळ मागे येता येतं तोवर खरोखरच लागत नाही. अडतं ते अज्ञात दोन्हीकडे आल्यावर. समजा सोयाबीनच्या मळणीला एक यंत्रवाला पोत्याला २५० रुपये सांगतो. दुसरा म्हणतो, यंत्र आणायचे १,५०० वेगळे, मग पोत्याला २००. किती पोत्यांना दोघांचे पैसे सारखे होतील? २५०क्ष = २००क्ष + १,५००. दोन्हीकडून २००क्ष काढले की ५०क्ष = १,५०० आणि क्ष = ३०. तीस पोत्यांपेक्षा कमी माल असेल तर पहिला स्वस्त, जास्त असेल तर दुसरा. हेही तुम्ही तोंडी कराल, ‘पोत्यामागे पन्नासचा फरक, दीड हजार भरून निघायला तीस पोती’ असं. मान्य. पण इथे तुम्हाला एक युक्ती सुचावी लागली. गणित थोडं फिरवलं की दुसरी युक्ती लागेल.

हे दाखवायला भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातलं एक उदाहरण फार उपयोगी आहे. ग्रंथ ११५० सालचा. एकाकडे सहा घोडे आणि ३०० रुपये रोख आहेत. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखी. घोड्याची किंमत किती? आपण लिहू ६क्ष + ३०० = १०क्ष – १००. भास्कराचार्य अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. ज्ञात संख्येला ‘रू’. एका पक्षाखाली दुसरा पक्ष मांडतात आणि कर्जाच्या आकड्यावर टिंब देतात. मग एका पक्षातली ‘या’ दुसऱ्यातून वजा करायची, दुसऱ्यातले ‘रू’ पहिल्यातून. उरतात चार घोडे आणि ४०० रुपये, म्हणजे घोडा शंभराचा. शंभरचं ऋण पहिल्याच्या तीनशेतून वजा केल्यावर चारशे होतात, दोनशे नव्हे, हे इथे कर्ज म्हटल्याबरोबर समजतं. तराजूनं ते समजलं नसतं.

हा पहिला प्रकार तुम्ही तोंडी सोडवाल याची मला खात्री आहे. पण भास्कराचार्य तिथे थांबत नाहीत. तेच घोडे आणि तेच पैसे ठेवून ते अट बदलतात. पहिल्याच्या निम्म्या मालमत्तेत दोन मिळवले तर ती दुसऱ्याइतकी होते, मग किंमत किती? ३क्ष + १५० + २ = १०क्ष – १००, म्हणून ७क्ष = २५२ आणि घोडा ३६ चा. पुन्हा अट बदलली, पहिल्याची मालमत्ता दुसऱ्याच्या तिप्पट. ६क्ष + ३०० = ३०क्ष – ३००, २४क्ष = ६००, घोडा २५ चा. तोंडी हिशोब करणारा हुशार माणूसही तिसऱ्या प्रकारात थोडा अडखळतो, कारण प्रत्येक वेळी नव्यानं डोकं चालवावं लागतं. कागदावरच्या रीतीत तसं काही लागत नाही. अट लिहून काढायची, दोन्ही बाजूंना तेच करत जायचं. क्ष मुलांना हुशार करतो असं जे सांगतात ते मला पटत नाही. दर वेळी हुशार असण्याची गरज तो कमी करतो, आणि वर्गातल्या पन्नास मुलांचा विचार केला तर हा गुण मोठा आहे.

दोघांची मालमत्ता सारखी असल्याचा हा प्रकार भास्कराचार्यांच्याही आधीचा आहे. ४९९ सालच्या आर्यभटीयात त्याची रीत एका श्लोकात दिली आहे : रोख पैशांतल्या फरकाला वस्तूंच्या संख्येतल्या फरकानं भागा. भास्कराचार्यांचं आणि आपलं नातं मात्र जास्त जवळचं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात, पण मठाला कुणी काय द्यायचं हा व्यवहाराचा भाग मराठीत आहे. बीजगणिताच्या शाळेचा खर्च मराठीत लिहिलेला आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हरकत नव्हती.

क्ष न लिहिता सोडवायची आणखी एक जुनी रीत भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त आहे, ती तुम्हाला आवडेल. तिला इष्टकर्म म्हणतात. कमळांच्या एका राशीचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली सहा कमळं गुरूंना दिली. एकूण किती? मनाला येईल ती सोयीची संख्या धरा. ६० धरले तर २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेले, ३ उरले. उरायला हवे होते सहा, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळंही दुप्पट, १२०. त्यातली चाळीस शंकराला जातात. औंढ्याच्या वाचकांना नागनाथाचा, म्हणजे शंकराचा, वाटा सगळ्यांत मोठा पाहून बरं वाटेल.

पण ही रीत तुमच्या पट्टीला लावून पाहा. भाव १०,००० धरला तर बारा क्विंटलचे १,२०,०००, त्यातून १,४०० गेले, राहिले १,१८,६००. हातात आलेले १,६६,६०० याच्या जितके पट, तितके पट भाव वाढवला तर सुमारे १४,०४७ येतं. सत्तेचाळीस रुपये जास्त. चूक हिशोबात नाही, रीतीत आहे. कमळांचे सगळे वाटे राशीच्या प्रमाणात होते, राशी दुप्पट झाली की सगळं दुप्पट. हमाली-तोलाईची एकरकमी कपात भावाबरोबर वाढत नाही, ती १,४०० च राहते. जिथे असा ठरावीक आकडा मध्ये येतो तिथे इष्टकर्म फसतं आणि क्ष फसत नाही. पोरांना क्ष शिकवायचा तो यासाठी.

प्रश्न : समीकरण सोडवता सोडवता क्षच नाहीसा झाला आणि ५ = ७ उरलं. माझं चुकलं की पुस्तकाचं?
– आठवीची विद्यार्थिनी, कळमनुरी

उत्तर : पायऱ्या बरोबर असतील तर कुणाचंच चुकलं नाही. ५ = ७ उरलं म्हणजे आधी क्ष + ५ = क्ष + ७ असं काही असणार, आणि अशी संख्या कुठेच नाही, जिच्यात पाच मिळवा नाहीतर सात, उत्तर एकच यावं. अशा समीकरणाला उकल नाही, आणि ‘उकल नाही’ हेच त्याचं उत्तर. मळणीचे दोघेही यंत्रवाले पोत्याला २५० च घेत असतील आणि त्यांतला एक वर १,५०० मागत असेल तर पोती कितीही असोत, दोघांचे पैसे कधीच सारखे होणार नाहीत. समीकरण तेच सांगत असतं.

याच्या उलटही होतं. २(क्ष + ३) = २क्ष + ६ सोडवायला घे, शेवटी ६ = ६ उरेल. तिथे कोणतीही संख्या घातली तरी चालते. मुलं या दोन प्रकारांत गोंधळतात आणि दोन्हीकडे क्ष = ० लिहून मोकळी होतात. शून्य ही एक संख्या आहे, ‘काही नाही’ला लिहायचं चिन्ह नव्हे. पहिल्यात शून्य घालून पाहा, ५ = ७ च येईल.

प्रश्न : आमच्याजवळ दुधाळ्याला लायगो होणार आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना ही आमची छोटी समीकरणं लागतात का?
– एक विद्यार्थी, औंढा नागनाथ तालुका

उत्तर : लागतात, पण तेवढ्यावर भागत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प मंजूर केला आणि ११ मे २०२३ ला त्याची पायाभरणी झाली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेझरचा प्रकाश सोडायचा आणि दूर कुठे कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्यावर येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी भुजांच्या लांबीत किंचित फरक पडतो का ते पाहायचं, असं हे काम. ते समजून घ्यायला लागणारं गणित कॉलेजच्याही पुढचं आहे.

पण पहिला प्रश्न तुझ्या वहीतलाच आहे. भुजेच्या टोकाला जाऊन परत यायला प्रकाशाला किती वेळ लागतो? जाऊन-येऊन अंतर ८ किलोमीटर, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर. वेळ क्ष सेकंद धरला तर ३,००,०००क्ष = ८. दोन्ही बाजूंना तीन लाखांनी भाग. उत्तर सेकंदाचा साडेसदतीस हजारावा भाग. एका अज्ञाताचं, एका पायरीचं समीकरण आहे, आणि नववीत जायच्या आधी तुला ते येतं.

जाता जाता ‘लीलावती’तलंच एक गणित सगळ्यांसाठी देतो. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलीन्ध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुटजाच्या झाडावर गेले. एक भुंगा केतकी आणि मालतीच्या मध्ये घिरट्या घालत राहिला. थव्यात एकूण भुंगे किती? क्ष धरून सोडवा आणि इष्टकर्मानंही करून पाहा, इथे दोन्ही रीती चालतात. दोन्हीकडून १५ यायला हवं. एकीकडून वेगळं आलं तर ‘फरकाच्या तिप्पट’ लिहिताना कंस दिलाय का, ते आधी तपासा.